पुढचं वाक्य

राजेसाहेबांचं पाठांतर राजेसाहेबांच्या डोक्यात नव्हतं, ते विंगेतल्या एका मोडक्या खुर्चीवर चष्मा लावून बसलेलं असायचं. ही गोष्ट नाटक कंपनीत फक्त दोघांना ठाऊक होती. एक खुद्द राजेसाहेब आणि दुसरी त्या खुर्चीवर बसणारी त्यांची थोरली बहीण.

कंपनीतले लोक तिला पोथीताई म्हणत. एकतीस वर्षं नाटकाची पोथी तिच्या मांडीवर होती. नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्याकडे सोडायचा, हे तिचं काम. शब्द नटाच्या कानात पडला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला त्याचा वासही लागता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्यानं एकदा करून बघावं.

नाटक एकच, दोनशे वर्षांचं जुनं. नदीकाठच्या जमिनीवरून एका राजाचा शेजारच्या राजाशी तंटा होतो. राजपुत्र म्हणतो, बोलून बघू. राजा म्हणतो, बोलतात ते बाजारात, राजे लढतात. भरदरबारात तो मुलाला भित्रा ठरवतो, मुलगा इरेला पेटून रणात जातो, शत्रूच्या सेनापतीशी द्वंद्व करतो आणि मरतो. मग शेवटच्या अंकात राजा त्याचं प्रेत मांडीवर घेऊन अकरा मिनिटं बोलतो. लोक तिकीट काढून यायचे ते या अकरा मिनिटांसाठी. बायका डोळे पुसायच्या, पुरुष खाकरायचे.

पोथीताईला या अकरा मिनिटांचा मनापासून तिटकारा होता. पोरगं जिवंत होतं तेव्हा त्याच्याशी बोलायला राजाच्या तोंडात दोन शब्द नव्हते, आणि आता ऐकायला कान उरले नाहीत तर हे एवढं मोठं भाषण. नाटकात बायका तीन. दोघी पहिल्या अंकातच मरायच्या आणि तिसरी वाईट बातम्या आणून द्यायची. बाकी सगळे पुरुष, आणि त्यातल्या कुठल्याही दोघांना एकमेकांशी चार वाक्यं सरळ बोलता आली असती, तर नाटक दुसऱ्या अंकात आटोपून सगळे वेळेवर घरी जेवायला गेले असते. हे तिनं एकदा कंपनीच्या मालकाला सांगितलंही होतं. मालक म्हणाला, खरंय ताई, पण मग तिकिटं कोण घेणार?

राजा करायचा तो तिचा धाकटा भाऊ, बावीस वर्षं सलग. देखणा गडी, छाती भात्यासारखी आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतला बहिरा म्हातारासुद्धा मान डोलवायचा. पण गेली चार वर्षं त्याच्या पाठांतराला उंदरानं कुरतडल्यासारखी भोकं पडत होती. त्यानं ना डॉक्टरला सांगितलं, ना मालकाला. विसरणारा राजा कोण ठेवून घेणार? एक दिवस चहा पिताना भिंतीकडे बघत तो बहिणीला म्हणाला, वाक्याआधी मी थांबतो ना, ती जागा जरा सांभाळ. बस्स, एवढंच. तिनं ओळखलं. तेव्हापासून दोघांत ठरलेलं होतं, तो थांबला की तिनं मनात पाचपर्यंत मोजायचं. पाचाच्या आत बोलला तर ठीक, पाच उलटले की शब्द सोडायचा. लोक म्हणत, राजेसाहेबांचा विराम बघावा, अंगावर काटा येतो. त्या विरामात काटा खरा कुणाच्या अंगावर येत होता, ते लोकांना काय माहीत. आभार मानणं राजेसाहेबांच्या भूमिकेत नव्हतं आणि घरीही त्यांनी ते कधी मानले नाहीत. पोथीताईनं त्याचं फारसं वाईट वाटून घेतलं नाही, पण अजिबात घेतलं नाही असंही नाही.

तिला वाईट वाटायचं ते भाच्याचं.

वहिनी गेली तेव्हा पोरगं चार वर्षांचं होतं. आत्यानंच त्याला वाढवलं, विंगेत पोथीशेजारी बसवून अक्षरं शिकवली. मोठा झाल्यावर तो राजपुत्राचं काम करायला लागला आणि कंपनीनं त्याचं नाव छोटे राजे ठेवलं. सेनापतीचं काम करायचा त्याचा शाळेपासूनचा जिवलग दोस्त. दोघांनी मिळून ते द्वंद्व बसवलं होतं. मोजून चौदा वार, कुठला वार कुठून येणार हे दोघांना झोपेतही ठाऊक. सहा वर्षं एकाच्याही नखाला ओरखडा आला नाही.

दोन वर्षांपूर्वीचा तो प्रयोग पोथीताईला विसरायचा म्हटलं तरी विसरता येत नव्हता. त्या दिवशी लोक थंड होते. तिसऱ्या अंकानंतर भाऊ रंगपटात आला तो धुसफुसतच. मुलाला म्हणाला, "आज खरा वार कर. मर्दाचा हात दिसू दे लोकांना." मुलगा म्हणाला, बाबा, वार ठरलेले आहेत. त्यावर सगळ्या कंपनीसमोर बापानं सुनावलं, मग हातात बांगड्या भर आणि त्या तिसऱ्या बाईचं काम कर. सगळे हसले. नट लोक राजाच्या विनोदाला हसतातच. पोथीताई हसली नाही, पण बोललीही नाही, चौथ्या अंकाचं पान काढत बसली. नवव्या वाराला तलवार जोरात आली. पत्र्याची होती, पण पत्र्यालाही टोक असतं. सेनापतीचा डावा डोळा गेला.

मालकानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून विचारलं. राजेसाहेब म्हणाले, "पोराचा हात सुटला." मुलगा समोरच उभा होता. बाप अजून काहीतरी बोलेल म्हणून तो बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. बाप काही बोलला नाही. त्याच आठवड्यात मुलानं कंपनी सोडली, दोस्ताला घेऊन एका चाळवजा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली केली आणि खुर्च्या-टेबलं बनवणाऱ्या कारखान्यात रंधा मारायला लागला. दोन वर्षं बापलेकांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. आत्या मात्र दर आठवड्याला जायची. दोस्त एका डोळ्यानं हसून तिला खुर्ची द्यायचा आणि तिला त्या खुर्चीवर धड टेकवायचं नाही.

आता दोघं गाव सोडून चालले होते. लांबच्या एका शहरात दोघांनाही एकाच कारखान्यात काम मिळालं होतं, मंगळवारी सकाळची गाडी होती. परत येण्याचं काही बोलणं नव्हतं. आत्यानं भाच्याच्या अक्षरशः हातापाया पडून एक गोष्ट कबूल करून घेतली, जाण्याआधी बापाला एकदा भेट. तिला फार काही नको होतं. भावानं एक वाक्य म्हणावं, 'चूक माझी होती.' तीन शब्द. ते घेऊन पोरगं कुठेही जाईना का, निदान पाठ फिरवून तरी जाणार नाही. आणि ते नाही घेतलं, तर तिनं ज्याला वाढवलं तो कायमचा गेला, हे तिला स्वच्छ कळत होतं.

रविवारी दुपारचा खेळ होता. मुलगा तासभर आधी रंगपटात आला. भावाला तिनं सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्यानं दाढी दोनदा केली होती. बापलेकांना मोकळं बोलता यावं म्हणून ती बाहेर जायला निघाली आणि गेली नाही. रंगपटातच टांगलेल्या अंगरख्यांच्या रांगेमागे जाऊन उभी राहिली. कान देऊन ऐकणं हा तिचा धंदाच होता, त्याला आता काय करणार.

भाऊ आरशासमोर बसला होता. अर्ध्या चेहऱ्याला रंग लागलेला, अर्धा कोरा. मुलगा त्याच्या मागे उभा राहून गाडीची वेळ सांगत होता, कारखान्याचं सांगत होता. बाप आरशातच हं हं म्हणत होता. मग मुलगा थांबला आणि म्हणाला, "मी भांडायला आलेलो नाही. त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. बाकी कुणाला सांगू नका. बाबा, एकदा माझ्याकडे बघा."

बाप वळला. खुर्चीसकट वळला आणि त्यानं मुलाकडे बघितलं. अंगरख्यांच्या फटीतून तिला त्याचा चेहरा दिसत होता. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

आता यात दैवाची काय खोड होती ती ऐका. 'बाबा, एकदा माझ्याकडे बघा,' हे तिसऱ्या अंकात राजपुत्राचंच वाक्य होतं. पोरानं ते सहा वर्षं म्हटलेलं. त्याच्या तोंडात ते आता स्वतःचं म्हणून आलं की जुनी सवय म्हणून, देव जाणे. त्या वाक्यावर राजा मोठा विराम घेतो. अंगरख्यांमागे पोथीताई मोजत होती आणि आपण मोजतोय हे तिला ठाऊकही नव्हतं. तीन. चार. पाच. एकतीस वर्षांची सवय. तिचे ओठ हलले आणि राजाचा पुढचा शब्द सुटला:

"मला मुलगा नाही."

भावाची मान वर झाली. पाठ ताठ झाली. पोटातून, भरल्या आवाजात, शब्दाशब्दावर जोर देत तो म्हणाला, "मला मुलगा नाही. होता, तो माझ्यापुरता आज रणात पडला."

वाक्य परत घ्यायला अजूनही वेळ होता. कोऱ्या अर्ध्या चेहऱ्यावर, आपण हे काय बोललो, असं काहीतरी येऊही लागलं होतं. पण रंगपटाची भिंत पातळ फळ्यांची, आणि पलीकडे प्रधानजींचं काम करणारे म्हातारे नट मिशा चिकटवत बसले होते. ते सवयीनं ओरडले, "वा, राजेसाहेब!" दाद मिळाली. दाद मिळालेलं वाक्य आजवर कुठल्या नटानं परत घेतलंय? भाऊ आरशाकडे वळला आणि त्यानं रंगाची डबी उचलली.

मुलगा बापाकडे बघत नव्हता. तो अंगरख्यांकडे बघत होता. विंगेतली ती कुजबूज तो लहानपणापासून ओळखत होता.

"आत्या," तो म्हणाला, "वाक्य बरोबर आहे. पुढचं मला पाठ आहे."

पुढे राजपुत्र मुजरा करून निघून जातो. यानं मुजरा केला नाही, एवढाच फरक.

तिला त्याच्यामागे धावायचं होतं. पण पहिली घंटा झाली, मग दुसरी झाली, आणि चार वर्षांत तिनं एकही प्रयोग सोडलेला नव्हता, कारण ती नसली तर भाऊ तिसऱ्या अंकातच उघडा पडला असता. स्वतःच्या या इमानदारीला मनातल्या मनात शिव्या घालत ती खुर्चीवर जाऊन बसली. त्या दिवशी राजेसाहेबांचं काम कधी नव्हे इतकं रंगलं, असं सगळे म्हणाले.

संध्याकाळी घरी भाऊ पाय गरम पाण्यात सोडून बसला होता. ती समोर उभी राहिली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. तो शब्द मी दिला, चुकून दिला, तुझ्या मनात तसं नव्हतं, मला दिसत होतं. तिला वाटलं, तो संतापेल. नाहीतर रडेल तरी.

तो म्हणाला, "म्हणजे मी विसरलो असं वाटलं तुला?"

तिला हसावं की टाहो फोडावा कळेना. पोरगं हातचं चाललंय आणि याला पाठांतराची पडली आहे. ती आत वळणार तोच तो पुढे बोलला, पाण्यातल्या पायांकडे बघत.

"विसरलो नव्हतो मी. शोधत होतो."

"काय शोधत होतास?"

"शब्दच की. त्याला काय म्हणायचं ते. सापडेना. आणि मग कानात आला, तर वाटलं, सापडला."

पोथीताई त्याच्यासमोर खाली बसली. तिच्या मनात आलं, याला आजवर कुणी वाक्य लिहूनच दिलेलं नाही. लहानपणी आपले वडील त्याला म्हणायचे, बायकांसारखा रडतोस काय. पुढे नाटकानं तेच जरा चांगल्या भाषेत सांगितलं. मग तिनं पोथीच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन वाक्यं लिहिली आणि पान त्याच्या हातात दिलं. 'चूक माझी होती. वार कर असं मी सांगितलं होतं.'

"एवढंच?" त्यानं विचारलं.

एवढंच, ती म्हणाली.

सोमवारी खेळ नव्हता. दिवसभर दोघांनी स्वयंपाकघरात तालीम केली. हसू नका, साठीच्या दोन माणसांनी खरोखर तालीम केली. स्वयंपाकघराचं दार म्हणजे मुलाचं दार, पिंप म्हणजे मुलगा. बावीस वर्षं सहाशे ओळी म्हणत आलेल्या माणसाला ही दोन वाक्यं बसेनात. कधी तो म्हणायचा, 'चूक झाली होती.' ती म्हणायची, झाली नव्हती, तू केली होतीस. कधी म्हणायचा, 'चूक आपली होती.' ती म्हणायची, मला कशाला त्यात ओढतोस? मग म्हणू लागला की सुरुवात फार सपाट आहे, आधी थोडी चढण पाहिजे, पावसापाण्याचं काहीतरी. तिनं लाटणं आपटलं. दुपारी तो दमून पाटावर बसला, घामानं सदरा भिजलेला. तिला त्याची दया आली आणि दयेपेक्षा जास्त राग आला. एवढ्याशा दोन वाक्यांना दोन वर्षं लागली, एक डोळा लागला, तरी ती धड येत नाहीत. संध्याकाळी चाळिसाव्या खेपेला ती बिनचूक आली. पिंपाला काही वाटलं असेल तर ते पिंपाला ठाऊक.

मंगळवारी सकाळी दोघं त्या इमारतीत गेले. जिना अरुंद, कठडा हलता, प्रत्येक मजल्यावर एक खिडकी. भाऊ तिसऱ्या मजल्यापर्यंत एकदाही न थांबता चढला. तिनं वाटेत बजावलं होतं, आज मी एक शब्दही देणार नाही. थांबलास तर थांब. लागेल तितका वेळ थांब.

दार मुलानंच उघडलं. मागे दोस्त गुडघ्यावर बसून पेटीला दोरी आवळत होता, त्यानं मान वर केली. दोन वर्षांत भावानं तो चेहरा पहिल्यांदा पाहिला. डाव्या डोळ्याच्या जागी कातडी शिवलेली होती.

भाऊ उभा राहिला. पाच झाले. पोथीताईनं खालचा ओठ दातांखाली धरला. आठ झाले, दहा झाले. मुलगा दाराला हात लावून वाट बघत होता आणि त्याचा चेहरा, काय सांगू, मालकासमोर उभा असतानाचाच होता. भावाचे गुडघे लटलट कापत होते. पायजम्याची शिवण त्यानं दोन बोटांनी घट्ट धरली होती. तिला वाटलं, काही बोलू नकोस, असाच उभा राहा, पोराला तुझे गुडघे दिसू देत. पंधरा झाले.

मग भावानं श्वास घेतला. तो श्वास तिला ओळखीचा होता, रंगमंचावरचा.

"चूक," तो म्हणाला. खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे तो थोडासा वळला. हात छातीवर गेला. "माझी होती. वार कर, असं मी... मी सांगितलं होतं."

आवाज जिन्यातून खालपर्यंत घुमला. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून बघितलं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. एकतीस वर्षांत एवढं चांगलं म्हटलेलं वाक्य तिनं ऐकलं नव्हतं, आणि त्यातला शब्दन् शब्द मनापासूनचा होता, हे त्या जिन्यावर फक्त तिला माहीत होतं.

दोस्त दोरी सोडून अर्धवट उठला. पण मुलगा हलला नाही. त्यानं शेवटचा नाद विरेपर्यंत ऐकून घेतलं.

"छान झालं, बाबा," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात, तसा असता तर बरं झालं असतं. "अगदी छान झालं. आत्या, तू तब्येत सांभाळ." आणि त्यानं दार हळूच, आवाज न करता लावून घेतलं.

दोघं खाली उतरायला लागले. पाचसहा पायऱ्या उतरल्यावर भावानं विचारलं, कसं झालं? प्रत्येक प्रयोगानंतर विचारायचा तसंच. ती पायऱ्या उतरत राहिली. तिथे थांबली असती तर तिनं त्याला ढकलूनच दिलं असतं. आणखी चार पायऱ्यांवर तो कठडा धरून खाली बसला.

"ताई, मला ना तो डोळा रोज दिसतो गं," तो म्हणाला. आवाज बारीक होता, जरा चिरका, ओळखू न येणारा. असा आवाज तिनं तो सात-आठ वर्षांचा असताना ऐकला होता, नंतर कधी नाही. "जेवताना दिसतो. मीच म्हटलं त्याला मार म्हणून. मला भीती वाटत होती, लोक उठून जातील म्हणून. पोरानं बिचाऱ्यानं माझं ऐकलं. आणि मी त्याचंच नाव सांगितलं."

पोथीताईनं त्याचा दंड धरून त्याला उठवलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "हेच," ती म्हणाली. "ऊठ. वर जा आणि त्याला हेच सांग. अस्संच सांग."

तो उठला. वर चढायला लागला, खरोखरच लागला. ती खालून बघत राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की सगळं नीट होईल. खिडकीपाशी तो थांबला. सदरा खाली ओढून त्यानं नीट केला, खांदे मागे घेतले. मग अगदी हळू आवाजात तिला ऐकू आलं, "मला तो डोळा रोज दिसतो." क्षणभर थांबून पुन्हा, "मला तो डोळा... रोज दिसतो." तिसऱ्या खेपेला 'रोज' हा शब्द त्यानं जरा लांबवला. तो बसत होता. चांगला बसत होता.

"राहू दे," तिनं खालून हाक मारली. "खाली ये."

तो वळला. का, असं त्यानं विचारलं नाही. तिनं दिलेला शब्द त्यानं घेतला, नेहमी घ्यायचा तसा, आणि पायऱ्या उतरून तिच्याजवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान होतं, ते तिला स्पष्ट दिसलं. तो दारापर्यंत गेला असता, दार उघडल्यावर मुलाचं तोंड बघून त्याचा सगळा नट कदाचित गळून पडला असता, कदाचित नसता पडला. तिनं पाचपर्यंतसुद्धा मोजलं नव्हतं.

दोघं तळमजल्यावर आले तेव्हा वर कुठेतरी कडी वाजली. तिसऱ्या मजल्यावरची असेल, दुसऱ्यावरचीही असेल. भावानं मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं, आता काय, असं विचारल्यासारखं. ती पुढे झाली आणि रस्त्यावर आली. तोही तिच्यामागून आला.